वय निश्चित होईपर्यंत

पोलीस आले तेव्हा माझ्या एका हातात गरम हुरडा होता आणि दुसऱ्या हातात बिअरचा अर्धा ग्लास. आयुष्यातला पहिलाच. चव कडूजहर, आणि लोक याच्यापायी संसार का मोडतात ते मला तरी कळलं नाही. पण दिवस आनंदाचा होता. वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी आठशे मीटरमध्ये माझी निवड झाली होती. मंगळवारी हजर व्हायचं होतं. म्हणून आमच्या क्रीडा वसतिगृहातल्या पोरांनी रविवारी दुपारी बार्शीकडच्या एका शेतावर हुरडा पार्टी ठेवली. शेत आमच्यातल्या भालाफेकवाल्याचं, त्याच्या घरचे लग्नाला गेलेले. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, आणि बादलीतून विहिरीत सोडून गार केलेल्या बाटल्या.

डोक्यावरून एक ड्रोन दोनदा फिरून गेला. फवारणीचे ड्रोन रोजच दिसतात, म्हणून आम्ही त्याला हात केला. तो फवारत नव्हता, हवेतला दारूचा वास हुंगत होता, हे आम्हाला कळलं तेव्हा दोन गाड्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कुणी पळायचं नाही," निरीक्षक पाटकुलकर म्हणाले. समोर सगळे पळणारेच बघून त्यांनी हे आधीच सांगून टाकलं असावं.

कायदा नवा होता. एकवीसच्या आत कुठल्याच दारूचा थेंब चालणार नाही, बिअरचासुद्धा. पण फोनवर दोन मिनिटांत पाहिजे ते ओळखपत्र तयार व्हायला लागल्यापासून कागदावर कुणाचा विश्वास राहिला नव्हता. मग सरकारनं शरीरालाच विचारायचं ठरवलं.

आपल्या पेशींमध्ये डीएनएची लांबच लांब साखळी असते आणि तिच्यावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक ठिपके चिकटलेले असतात. वय वाढतं तसे काही जागी ठिपके वाढतात, काही जागी गळून पडतात. चुन्याच्या भिंतीवर पावसाळ्यागणिक डाग चढत जातात, तसं. कुठल्या जागी किती ठिपके आहेत हे मोजलं की माणूस किती पावसाळे जगलाय ते सांगता येतं. पूर्वी हा अंदाज तीन-चार वर्षांनी चुकायचा. मग गालाच्या आतल्या पेशींमध्ये अशा काही जागा सापडल्या, ज्या तिशीपर्यंत घड्याळासारख्या चालतात. चूक पाच-सहा महिन्यांवर आली आणि यंत्र चपलांच्या खोक्याएवढं झालं. सरकारी नाव वयोमापी. पोलीस त्याला डबा म्हणायचे. गालातून कापसाचा बोळा फिरवायचा, डब्यात घालायचा आणि वाट बघायची.

या कायद्याचं कलम अकरा सांगतं की वय निश्चित होईपर्यंत संशयिताला थांबवून ठेवता येईल. किती वेळ, ते लिहायचं राहून गेलं होतं. किंवा राहू दिलं होतं.

थांबवून ठेवणं म्हणजे अटक नव्हे, त्यामुळे आम्हाला कोठडीत टाकलं नाही. तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात नेलं. तिथं दाराला बाहेरून कडी घातली. मंचावर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती, 'प्रसाद व स्नेहल'. खुर्च्या मंडपवाला घेऊन गेला होता. नवरदेवाची लाल मखमली खुर्ची तेवढी उरलेली, तिच्यावर पाटकुलकर बसले आणि डबा नवरीच्या खुर्चीवर ठेवला. एरवी मी हसून लोळले असते.

एकेकाला बोलावत होते. बोळा, डबा, मग हवालदार मोठ्यानं नाव आणि वय वाचायचा, लग्नात आहेर पुकारतात तसं.

"संबोधी शिवशरण. अठरा वर्षं आठ महिने."

संबोधी माझ्या खोलीतली. माझ्याच शर्यतीची. डिसेंबरच्या निवड चाचणीत ती माझ्यामागून दुसरी आली, पाव सेकंदानं. म्हणून मी शिबिराला आणि ती राखीव. दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी शेंगाचटणी घेऊन आली. तिचं कागदावरचं आणि डब्याचं वय जुळलं. म्हणजे गुन्हा सिद्ध. अक्कलकोटहून आई येईपर्यंत तिला थांबायचं होतं आणि मग वर्षभर शर्यतींना बंदी.

"शिवकन्या गर्जे," हवालदारानं पुकारलं. मग तो थांबला, त्यानं डब्याकडे परत बघितलं. "एकवीस वर्षं चार महिने."

माझ्या कागदावर एकोणीस होतं.

पाटकुलकर हसले. "सुटलीस की, पोरी! डबा मान्य म्हणून इथं अंगठा लाव आणि जा घरी. एकवीसच्या वर आहेस, बिअर पी नाहीतर काढा पी."

सगळ्या पोरांना माझा हेवा वाटला. मी मात्र अंगठा पुढे केला नाही. एकवीस म्हटलं तर मी आत्ता सुटणार, आणि वीसखालच्या शिबिरात मला जागा नाही. आजवरची पदकं खोटी. एकोणीस म्हटलं तर दारूचा गुन्हा, वर्षाची बंदी, शिबिर गेलं. काहीच नाही म्हटलं तर?

"तर वय अनिश्चित," पाटकुलकर म्हणाले. "मग डॉक्टरांचं मंडळ ठरवणार. ते गुरुवारी बसतं."

"माझं शिबिर मंगळवारी आहे."

"मग लाव ना अंगठा!" त्यांना खरंच कळत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आमच्यासाठी वडापाव मागवले होते.

"डबा चुकलाय," मी म्हटलं. "आम्ही उन्हातान्हात पळतो. शरीर झिजतं. त्यानं वय जास्त दिसत असेल."

"इथं पंचवीस जणं पळणारीच आहेत," ते म्हणाले. "बाकीच्यांचं बरोबर आलंय."

मी भिंतीला टेकून संबोधीशेजारी बसले. ती हळूच सरकली. जेमतेम हातभर, पण सरकली.

संध्याकाळी अण्णा आले, माझे वडील. बरोबर छायाआत्या, त्यांची चुलत बहीण, आमच्या नात्यातली एकुलती एक वकील. आष्टीहून दोघं तिच्या गाडीतून आले होते. आत्याला भेटू द्यायला पाटकुलकर तयार नव्हते, कारण अटकच नाही तर वकील कशाला. मग आत्या दारात उभी राहून बोलली आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू गेलं.

"साहेब, ही पोरगी आत्ता उठून बाहेर आली तर चालेल?"

"अहो मॅडम, वय निश्चित..."

"चालेल की नाही चालेल?"

"नाही चालणार."

"मग याला अटकच म्हणतात. कलमात काहीही लिहा. अटक केली तर चोवीस तासांच्या आत न्यायालयात उभं करावं लागतं, हे घटनेत आहे. सूर्य मावळल्यावर पोरींना अटक करायची नसते, म्हणून तर थांबवलंय म्हणताय का?"

"कोठडीत टाकलं असतं तरी तुम्ही ओरडला असता. पंख्याखाली बसवलंय तरी ओरडताय."

"पंख्याचं राहू द्या. कुणी किती प्यायलं ते न बघता सगळ्यांच्या तोंडात बोळे घातलेत तुम्ही. संशय माणसावर घ्यायचा असतो साहेब, शेतावर नाही."

पाटकुलकर लालबुंद झाले, पण कडी उघडली नाही. वरून फोन आल्याशिवाय ते करू शकत नव्हते. त्यांच्यावरही कुठूनतरी एक कडी होतीच.

अण्णांना त्यांनी मागच्या खिडकीशी जाऊ दिलं. स्वयंपाकघराची खिडकी, जाड गजांची. अण्णांनी फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा गजांमधून आत दिला.

"अण्णा, डबा चुकतोय ना?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "आधी खाऊन घे."

मला तेव्हाच कळलं. घास हातातच राहिला.

"किती?" मी विचारलं.

"दोन वर्सं," ते म्हणाले. मग एकदम बोलायला लागले, जसं पोतं फुटावं. "तू उसाच्या फडात जन्मली. तिकडं कोल्हापूरकडं, कारखान्याच्या हंगामात. दवाखाना कुठला आलाय. सा-सा म्हैने आमी ऊस तोडायला, तू बरुबर. शाळंत घालायला आनली तवा आठ वर्साची व्हतीस. गुरुजी म्हनले, गर्जे, आठ लिवलं तर नियमानं पोरगी एकदम तिसरीत बसवावी लागंल. अक्षर वळखंना, चार दिवसांत पळून जाईल. सहा लिवू, पयलीपासून शिकू द्या. म्या म्हनलं लिवा. त्यांनी एक जून टाकली. आपल्या गावात समद्यांचीच एक जून हाय."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगनार व्हतो. मग तू तालुक्याला पयली आलीस. मग जिल्ह्याला. पेपरात फोटू आला. मग कोन सांगनार, बाई?"

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी गजांमधून त्यांची बोटं घट्ट धरावीशी वाटली. धरली नाहीत. मला आठवत होतं ते सगळं उलटं फिरून परत येत होतं. चौथीत मी वर्गात सगळ्यांत उंच. पहिल्या तालुका स्पर्धेत बारा वर्षांखालच्या पोरी माझ्यामागे धापा टाकत होत्या आणि सर म्हणाले होते, काय पाय आहेत पोरीचे! पाय तेरा वर्षांचे होते. मी वेगवान नव्हते. मी मोठी होते.

अण्णा म्हणाले, "गुरुजींनी चांगल्यासाठीच केलं. न्हाईतर आज तू बी कोयता घेऊन असतीस."

हेही खरं होतं. त्यामुळे मला नीट रागावताही येईना.

आत्या खिडकीशी आली तेव्हा मी तिला सांगायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "तुझं वय मला विचारायचं नाही. मला ऐकायचंही नाही. कोंडून ठेवलेल्या माणसाला हजर करायला लावायचा अधिकार न्यायालयाला असतो. मी सकाळी अर्ज टाकते. कोंडणंच बेकायदा ठरलं की त्या कोंडण्यात काढलेलं तुझं ते एकवीसही गेलं, आणि डब्याच्या वयाशिवाय दारूचा गुन्हाही उभा राहत नाही. तू एकोणीसची आणि मोकळी. मंगळवारी शिबिरात."

"आणि संबोधी?"

"ती पण मोकळी. सगळेच. तिच्या आईला मी फोन केलाय, तिच्यातर्फे पण अर्ज आहे."

चौथी वाट निघाली होती. मला आनंद व्हायला हवा होता.

जमिनीवर गाद्या घातल्या तेव्हा संबोधी माझ्या शेजारीच आडवी झाली, पण पाठ करून. मी कुजबुजले, "मला माहीत नव्हतं. शपथ."

"मला माहितीय," ती म्हणाली. "तुझं तोंड बघितलं मी तेव्हा."

"तू सांगणार?"

"कुणाला सांगू? तुझी आत्या उद्या ते पुसूनच टाकणार आहे. पुसलं नाही तर मीपण अडकते." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी सांगणार नाही, शिवा. पण तू सारखी माझ्याकडं बघू नकोस."

सोमवारी दुपारी न्यायालयात पाटकुलकर कलम अकरा वाचत राहिले आणि न्यायदंडाधिकारी बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "दाराला कडी होती?"

"सुरक्षेसाठी, मॅडम."

"बाहेरून?"

पाटकुलकरांनी कलमाचा कागद दुमडून खिशात घातला.

निकाल त्यांनी तिथंच सांगितला. ज्याला जाऊ दिलं जात नाही तो अटकेत असतो, कागदावर त्याला काय म्हटलंय याला महत्त्व नाही. कारण न सांगता, कुणावर नेमका संशय न धरता, पंचवीस जणांना डांबणं बेकायदा. त्यांच्या तोंडातून घेतलेले नमुने नष्ट करावेत, त्यावरून काढलेली वयं कुणीही, कुठंही वापरू नयेत, कुणाला कळवू नयेत. सगळ्यांना आत्ताच्या आत्ता सोडावं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिपाई ओरडला. आत्यानं माझा हात दाबला. मागच्या बाकावर अण्णांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

सोडण्याआधी प्रत्येकाचं म्हणणं दोन ओळींत लिहून घ्यायचं होतं, तसा रिवाज. त्रास दिला का, मारहाण केली का. कारकून विचारत होता. नाव? वय? राहणार?

"संबोधी मारुती शिवशरण. वय अठरा. अक्कलकोट." तिनं थेट, न अडखळता सांगितलं. तिच्या सांगण्यात काहीच अवघड नव्हतं. मला तिचा असा हेवा वाटला जो आजवर कधी वाटला नव्हता, तिच्या धावण्याचासुद्धा नाही.

मग मी.

"शिवकन्या तुळशीराम गर्जे."

"वय?"

मी ठरवून काही केलं नाही. एवढंच झालं की एकोणीस हा शब्द तोंडात आला आणि बाहेर पडेना.

"एकवीस," मी म्हटलं.

कारकुनानं कागद बघितला. "इथं एकोणीस आहे."

"कागद चुकलाय."

आत्या ताडकन उठली. "मॅडम, मुलगी काल दुपारपासून डांबलेली आहे, घाबरलीय."

न्यायदंडाधिकारी बाईंनी चष्मा काढला. "कशावरून चुकलाय?" त्यांनी मला विचारलं. आवाजात राग नव्हता.

कशावरून? डब्यावरून म्हणायची सोय उरली नव्हती. ते वय वापरायचं नाही, असं त्यांनीच आत्ता ठरवलं होतं, आणि ते ठरवणं बरोबरच होतं. नाहीतर आणखी कुणाच्या तरी तोंडात असेच बोळे गेले असते. गुरुजी वारून पाच वर्षं झाली. आई मी दहावीत असताना गेली. या जगात माझं वय माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं आणि ते मागच्या बाकावर बसलं होतं.

मी वळून बघितलं. अण्णा उठतील असं मला वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी मान खाली घातली आणि टोपीची घडी घालत राहिले.

"पुरावा नसेल तर कागदावरचं वयच धरावं लागतं, बाळ," बाई म्हणाल्या. मग कारकुनाला, "एकोणीस लिहा."

त्यानं लिहिलं.

बाहेर आवारात पोरं वडाखाली एकमेकांना मिठ्या मारत होती. आत्या माझ्यावर बरसली. "वेडी आहेस का? जिंकलेला खटला हरायला निघाली होतीस! तुझ्या एकवीसला आता काडीचाही आधार नाही, कळतंय का? डोक्यातून काढून टाक." तिचं चुकत नव्हतं. तिनं पंचवीस जणांना सोडवलं होतं.

अण्णा माझी पिशवी घेऊन उभे होते. "कोर्टानंच सांगितलं आता," ते म्हणाले. "एकोनीस. म्हंजी झालं. रातची गाडी हाय ना तुझी?"

"तुम्ही उठला का नाही, अण्णा?"

"तुझं नुकसान कसं करू?" त्यांचे डोळे भरले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी त्यांच्यावर ओरडले असते तर त्यांना आयुष्यभर कळलं नसतं की का. म्हणून मी ओरडले नाही आणि मला वाटतं, तेव्हापासून आमच्यात ते तसंच राहिलंय.

आता मला कुणीही अडवत नव्हतं. दार उघडं होतं, शिबिर समोर होतं, कायदा माझ्या बाजूनं होता. मी दबडे सरांना, आमच्या प्रशिक्षकांना फोन लावला.

"सर, मी शिबिराला येत नाही. राखीवला पाठवा."

"काय झालं? दुखापत?"

"नाही."

"मग?"

सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, पुरावा दे. "कारण नाही, सर."

ते म्हणाले, "कारण न देता शिबिर सोडलं तर दीड वर्षाची बंदी आहे, शिवकन्या. कुठल्याच गटात पळता येणार नाही. मोठ्यांच्यातसुद्धा नाही. आणि वसतिगृहातली जागा जाईल. विचार कर."

"केला, सर."

मी फोन ठेवला. दीड वर्षानंतर मी खुल्या गटात, माझ्या खऱ्या वयाच्या बायकांबरोबर पळणार होते आणि बहुतेक सातवी-आठवी येणार होते. कागदावर मात्र दोन वर्षं लहान. ते आता मरेपर्यंत.

संबोधी पायरीवर आईची वाट बघत बसली होती. तिचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, दोनदा "हो सर" म्हणाली, आणि फोन खाली ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. कालपासून पहिल्यांदा.

"म्हणजे डिसेंबरची चाचणी मी जिंकले होते?"

"हो."

"नीट सांग. मोठ्यानं."

आवारात वकील होते, पक्षकार होते, पाटकुलकर आपल्या गाडीत बसत होते. मागं अण्णा होते, त्यांना ऐकू जाणार होतं.

"डिसेंबरची चाचणी तू जिंकली होतीस, संबोधी," मी मोठ्यानं म्हटलं. "मी नाही."

लोकांनी वळून बघितलं आणि परत आपापल्या कामाला लागले. तिनं मिठी मारली नाही, आभारही मानले नाहीत. तिची आई फाटकातून आत येत होती. संबोधी उठली, पँटची धूळ झटकली आणि तिच्याकडं पळत गेली.